ड्युरियन खाल्लंत म्हणे!

"काय काकू, सिंगापूरहून आल्यापासून गडग्यापाशी फिरकला नाहीत! आणि तिकडे ड्युरियन खाल्लंत म्हणे? वाडीभर झालंय."

"वाडीला दुसरा उद्योग नाही. खाल्लं, चांगलं चापून खाल्लं! गेलांग म्हणून भाग आहे तिथे. जून-जुलैत रस्त्याकडेला ढीग लागतात. विकणारा फळ हलवून बघतो, हुंगतो, मग हातमोजा चढवून सुरीने उकलतो. काटे काय गं ते! आपला फणस त्यापुढे गुळगुळीत."

"आणि वास? खरंच तेवढा येतो?"

"सिलिंडर गळतोय आणि कोपऱ्यात कांदे कुजलेत, अशा घरात शिरल्यावर येईल तेवढा. हे तर नाकाला रुमाल लावून रस्त्यापलीकडे जाऊन उभे. सून म्हणाली, आई, हा सगळा गंधकाचा प्रताप. २०१७ साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं तपासली, तर गंधकाचा वास तयार करणारी ढीगभर निघाली."

"मग तोंडात घातलंत तरी कसं?"

"मुसांग किंग जातीचं घेतलं होतं तिने. महागडं, त्यात किलोवर विकतात. म्हणजे काट्यांचेही पैसे आपणच मोजायचे. टाकवेना गं! श्वास रोखून गरा तोंडात घातला. पिवळाधमक, मऊ. आधी गोड लागतो, मागून बारीकसा कडवटपणा येतो. दुसरा मीच मागून घेतला. फळ उष्ण, म्हणून वर मँगोस्टीन खायचं. ड्युरियनच्याच टरफलाच्या खोलगट भागात पाणी ओतून तेही प्यायचं. म्हणे उष्णता उतरते."

"पण बंदी आहे ना त्याला?"

"मेट्रोत आहे, बऱ्याच हॉटेलांत आहे. स्टेशनातल्या पाटीवर सिगारेटला दंडाचा आकडा लिहिलाय, ड्युरियनपुढे मात्र आकडाच नाही! आणि खाडीकाठी २००२ साली उघडलेलं एस्प्लनेड नाट्यगृह आहे, त्याचं छप्पर काटेरी, तर लोक त्याला लाडाने ड्युरियनच म्हणतात."

"अशी गंमत! आमच्याकडे बरका फणस फोडला की पुण्याच्या जाऊबाई खिडक्या उघडत सुटतात."

"आणि तू सुकट भाजतेस तेव्हा मी कधी खिडकी लावली का? ज्याचं नाक त्याच्यापाशी."

"काकांनी मात्र चाखलं नसेलच."

"ऐक तर. उरलेले गरे सुनेने डब्यात घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी बघते तर डबा अर्धा. मुलगा म्हणतो मी नाही, सून म्हणते मी नाही, मी तर रात्री उठलेच नाही. आता राहिलं कोण?"

"अगबाई! काका?"

"सकाळी चहा देताना वासानेच कळलं. पण मी चकार शब्द काढला नाही. तूही कोणाला सांगू नकोस हो."

"छे! मी कशाला सांगत्येय?"

"हो ना. पण सांगशील तेव्हा 'अर्धा डबा' म्हण, उगाच सगळा नको म्हणूस."