वहिनींची सीट

आमचं मेंदीचं कुंपण कमरेच्या वर वाढू द्यायचं नाही, असा आमच्यात आणि शेजारच्या अण्णा-वहिनींच्यात पंचवीस वर्षांचा न लिहिलेला करार आहे. त्यावर कोपरं टेकता आली पाहिजेत, कढीपत्ता पलीकडे देता आला पाहिजे, आणि पलीकडच्या अंगणात काय चाललंय ते न वाकता दिसलं पाहिजे. वाकून बघणं बरं दिसत नाही.

तर जुलैतल्या एका सकाळी मी जास्वंद काढत होते. पाऊस जरा उघडला होता. पलीकडे वहिनी पायरीवर बसून शेंगा निवडत होत्या, पण शेंगांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. मी कोपरं टेकली.

"काय झालं हो वहिनी?"

"सीट काढली माझी."

"कुठली सीट?"

"स्कूटरवरची! १९८७ सालापासून बसतेय मी त्या सीटवर. दोन बाळंतपणांना दवाखान्यात त्याच सीटवरून गेले. आणि यांनी काल पाना घेतला आणि काढून ठेवली. का, तर म्हणे तिथं पेट्रोलचा कॅन बसवायचाय."

अण्णा चेतक घेऊन स्पितीला निघालेत, ही बातमी आळीत आधीच फिरली होती. हिमाचलात, सिमल्याकडून किन्नौरमार्गे काझाला चढायचं आणि कुंझुम खिंडीतून मनालीकडे उतरायचं. वय वर्षं सासष्ट. स्कूटरचं वय अण्णांपेक्षा कमी, पण गुडघे तिचेही गेलेले. आळीचं मत असं, की निवृत्तीनंतर माणसानं भजनी मंडळात जावं. आता तिथं आळीचं ऐकतंय कोण.

अण्णांची उभी नोकरी इथंच साताऱ्यात, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात गेली. प्रिया स्कूटर तिथं तयार व्हायची. पण घरी आणली चेतक. वहिनी त्यावर अजून बोलतात, "दिवसभर बाहेर प्रिया, घरी घोडा. मी संसार केला म्हणून झाला."

मग पुढचे दोन महिने मला टीव्हीची गरज पडली नाही.

पहिल्यांदा अण्णांनी स्कूटर आडवी पाडली आणि तिच्या पोटाखाली बॅटरी मारून तासभर बघत बसले. मला वाटलं इंजिन बघतायत. पण ते बघत होते गंज. "ताई, मोटरसायकलला सांगाडा वेगळा असतो," कुंपणापाशी येऊन त्यांनी मला समजावलं, "हिला नसतो. हा पत्रा हाच सांगाडा. व्हेस्पा काढली ना १९४६ साली इटलीत पियाज्योनं, ती बनवणारा दास्कानिओ हा विमानांचा इंजिनिअर. म्हणून चाकसुद्धा एकाच बाजूनं धरलंय, विमानासारखं. आपली चेतक त्याच वंशातली. तिथं पत्रा कुजला की समजा पाठीचा कणाच कुजला." पायाखालच्या पट्ट्यापाशी दोन ठिकाणी कुजलेला निघालाच. वेल्डिंगवाल्याकडे चार दिवस गेले. नवा आरसा, नवी सीट असलं काहीही घ्यायच्या आधी हे केलं, यासाठी मी अण्णांना पैकीच्या पैकी मार्क देते. कारण त्यांच्या पुतण्यानं उलट केलं.

पुतण्याही जाणार आहे बरोबर, स्वतःच्या मोठ्या मोटरसायकलवर. त्याच्या घरी रोज एक पार्सल येतं. गुडघ्याची ढाल, हातमोजे, दोन जादा दिवे, मोबाईलचा स्टँड. परवा त्याला अण्णांनी विचारलं, "चाक काढता येतं का रे?" तर म्हणाला, "काका, तिथं मेकॅनिक असेल की." अण्णा काही बोलले नाहीत, नुसते आत गेले. वहिनी म्हणाल्या, "हे गप्प राहिले की समजावं, भयंकर चिडलेत."

चाकाचं सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चेतकचं चाक दहा इंची. टायर काढायला ताकद लागत नाही, रिमच दोन भागांची असते. हवा सोडायची, नट काढायचे, रिमचे दोन तुकडे होतात आणि टायर हातात येतो. हवा न सोडता नट काढले तर मात्र रिम तोंडावर येते, हे अण्णांनी मला तीनदा सांगितलं, जणू मीच निघालेय. आणि स्टेपनी असतेच. मागचं चाक पुढं, पुढचं मागं, कुठलंही कुठंही बसतं. वहिनी घड्याळ लावून बसल्या. पहिल्या दिवशी स्टेपनी बदलायला चाळीस मिनिटं, वर दोन शिव्या. आठव्या दिवशी बारा मिनिटं, शिव्या नाहीत. शेवटी शेवटी वहिनी स्वतःच नट आवळायला लागल्या, कारण "यांचा हात कापतो आणि मग हे कबूल करत नाहीत."

नंतर केबलींचा आठवडा आला. क्लचची एक, गिअरच्या दोन, ॲक्सिलरेटरची, ब्रेकच्या वेगळ्या. दगडाधोंड्यांच्या रस्त्यावर धक्के बसून तुटते ती केबल, आणि डोंगरात थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी हँडलमधून नवी ओवणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यापेक्षा वाईट. म्हणून अण्णांनी क्लचच्या आणि गिअरच्या केबलींशेजारी जादा केबली आत्ताच ओवून, ग्रीस लावून, टोकं बांधून ठेवल्या. तुटली तर नुसतं शेजारचं टोक जोडायचं. मला हे इतकं आवडलं की मी त्या दिवशी घरातल्या सगळ्या परकरांत जादा नाड्या ओवून ठेवल्या.

हेड खोलून कार्बन खरवडला, सायलेन्सर जाळून साफ केला (त्या दिवशी आळीतल्या चार जणींचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले), क्लचप्लेटा बदलल्या, ब्रेकला नवे लायनर, मागचा शॉकॲब्सॉर्बर नवा. यातलं एक काम बाहेर दिलं होतं, तिथं कुणीतरी प्लग इतका करकचून आवळला की हेडचे आटेच गेले. तेव्हापासून अण्णा प्लगला कुणाला हात लावू देत नाहीत.

या प्लगवरून एक मजा आहे. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर. म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवायच्या आणि वर तिसरी पाऊण. तिथं हवा इथल्या साठेक टक्के. अण्णा म्हणाले, हवा कमी, पेट्रोल मात्र तेवढंच जातं, त्यामुळे गाडी धूर मारते, दम खाते, प्लग काळा होतो. म्हणून कार्ब्युरेटरचा जेट बारीक भोकाचा बसवायचा. मला पहिल्यांदा काही समजेना. वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला, "अगं, चुलीत लाकडं तेवढीच आणि फुंकर कमी, तर धूरच होणार की." अण्णा बराच वेळ बायकोकडे बघत राहिले.

प्लगचा रंगही मग वहिनींच्याच खात्यात गेला. काळा, तेलकट म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा पडला तर फार वाईट, इंजिन तापतंय, पिस्टन धरेल. मधला, तपकिरी हवा. "लाडवाचं बेसन उतरवताना असतं तसा," वहिनी म्हणाल्या. आता अण्णा रोज चक्कर मारून आले की प्लग काढून स्वयंपाकघरात नेतात. वहिनी चष्मा लावून बघतात आणि "अजून जरा कच्चं आहे" असं सांगतात. खाली उतरल्यावर जेट पुन्हा मोठा बसवायचा, हे विसरायचं नाही, म्हणून दोन्ही जेट नेलपॉलिशनं रंगवून ठेवलेत. नेलपॉलिश सुनेचं.

सामानावरून मात्र घरात महाभारत झालं. अण्णांनी सुरुवातीला मागं एवढी मोठी लोखंडी पेटी बसवली. त्यात तंबू, स्टोव्ह, सहा शर्ट, वहिनींचे लाडू. नारळी पौर्णिमेच्या आधी एका रविवारी चाचणी म्हणून चाळकेवाडीला गेले. पवनचक्क्यांच्या मधून मातीच्या वाटा आहेत ना, तिथं. पावसात तो चिखल म्हणजे काय सांगू. वहिनीही गेल्या होत्या, पुतण्याच्या मागं बसून. परत आल्या त्या चपला हातात घेऊन.

"पेटी तुटून पडली," कुंपणापाशी येऊन वहिनींनी सांगितलं. "वेल्डिंग उखडलं. लाडू चिखलात. आणि त्याआधी चढावर पुढचं चाक घोड्यासारखं वर. मी मागून बघतेय, हे गेले आता!"

सगळं वजन मागच्या चाकाच्या मागं गेलं होतं, दुसरं काय. पुढचं हलकं पडलं की स्कूटर वळायचंच नाकारते. यावरही तोडगा वहिनींनी काढला, आणि तो या आळीतल्या कुठल्याही बाईला सुचला असता. "गॅसचा सिलिंडर आणायचात तेव्हा कुठं ठेवायचात?" पायापाशी! चौदा किलोचं सिलिंडर दोन पायांच्या मधे उभं करून अख्ख्या महाराष्ट्रानं आणलंय, आणि कुणी पडलं नाही. जड सगळं पायापाशी आलं. हत्यारं डाव्या डिकीत, कारण इंजिन उजवीकडे आहे, तेवढाच तोल. मागं फक्त पाच लिटरचा कॅन, काझाचा पंप सोडला की मनालीपर्यंत सुमारे २०० किलोमीटर पेट्रोलची खात्री नाही म्हणून. आणि एक कपड्यांची पिशवी, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली. दोरी धक्क्यांनी सैल होते, ट्यूब धरून राहते. शर्ट सहाचे दोन झाले. तंबू माळ्यावर गेला.

पेट्रोलबरोबर ऑइल आलंच. एका लिटरला २० मिलि. सातशे किलोमीटर डोंगर धरला तरी अर्धा लिटर पुरावं, पण अण्णांनी लिटरची बाटली घेतलीय. टू-स्ट्रोकचं ऑइल आता साताऱ्यात शोधावं लागतं, काझात कोण ठेवणार? उतारावरची एक गोष्ट त्यांनी पुतण्याला उद्देशून, पण मला ऐकवली. हिच्या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. लांबलचक उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडली तर पेट्रोल जात नाही, मग ऑइलही नाही, आणि इंजिन कोरडं फिरतं. मधेमधे पिळत राहायचं. यवतेश्वरचा घाट उतरताना ते तेच करतात, मी आत्तापर्यंत समजत होते त्यांना आवाज करायची हौस आहे.

नाल्यांची तालीम ओढ्यात झाली. स्पितीत रस्त्यावरूनच नाले वाहतात, दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून ते सकाळी ओलांडायचे. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. मधेच बंद पडली तर किक मारत बसायचं नाही, ढकलत बाहेर काढायची, प्लग काढून मग किक मारायची, पाणी बाहेर येतं. आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं चालवायची, ओले लायनर धरत नाहीत. आमच्या ओढ्यात अण्णा दोनदा बंद पडले. पुलावर वीस माणसं जमली होती. एकानं विचारलं, "म्हैस आहे का आत?"

जाणार कधी, तर अनंत चतुर्दशीला गणपती पोचवले की. कोपऱ्यावरच्या काकूंना हे कळल्यावर त्यांनी गालावर हात ठेवला. "पितृपक्षात निघतात का कुणी?" अण्णांचं उत्तर तयार. सप्टेंबर संपताना तिकडे थंडी पडायला लागते, बर्फ वितळायचं कमी होतं, नाल्यांचं पाणी उतरतं. पितरांनी सोयीचा मुहूर्त दिलाय. अण्णा गेली चार वर्षं तो इटलीतला बेत्तिनेल्ली सांगत असतात, १९९२ साली व्हेस्पा घेऊन रोमहून थेट व्हिएतनाममध्ये सायगावला गेलेला. काकूंनी त्याचंही ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याची बायको काय म्हणाली?" हे मात्र अण्णांना माहीत नव्हतं.

स्कूटर पुण्याहून अंबाल्यापर्यंत रेल्वेनं जाणार, टाकी रिकामी करून, गोणपाटात शिवून. गोणपाट वहिनींनीच शिवलं. हत्यारांच्या पिशवीत काल त्यांनी स्वतःच्या हातानं तार, एम-सील आणि अंगाच्या साबणाची वडी टाकली. टाकी गळली तर वर साबण चोळायचा, म्हणे.

आज सकाळी मी पुन्हा कुंपणाशी. म्हटलं, "वहिनी, राग गेला का सीटचा?"

"कसला राग. यांनी माझी सीट काढली, मी दुसरी घेतली." पदराला हात पुसून त्यांनी हिशोब सांगितला. सिमल्याहून रिकाँग पिओ, तिथून काझा, हिमाचलची एसटी जाते. यांच्याच रस्त्यानं. दोन क्लचप्लेटा, एक ट्यूब, लाडूंचा डबा आणि अण्णांचे उरलेले चार शर्ट त्यांच्या बॅगेत आहेत.

"आणि प्लग कोण बघणार?" मी विचारलं.

"मुक्कामावर आणून दाखवायचा. मी आधी पोचलेली असेन."