सत्तावीस वॅटची तफावत

रिटायर झालेल्या माणसानं काहीतरी करत राहावं, असं सगळेच म्हणतात. मग कोणी देवळाच्या कमिटीवर जातो, कोणी घराण्याची वंशावळ काढतो, कोणी पहाटे रंकाळ्यावर घोळक्यात उभा राहून मोठमोठ्यानं हसतो. पण दर पेठेत एक तरी इसम असा निघतोच, जो घरच्या घरी वीज काढायला बसतो. घरात बोर्डाची लाइट असते, बिल वेळेवर भरलेलं असतं, तरी त्याला स्वतःची वेगळी हवी असते.

हा माणूस ओळखायला अवघड नाही. तुमचा पंखा जळाला की तुमच्याआधी त्याला कळतं आणि ‘टाकू नका’ असा निरोप येतो. त्याच्या खिशातल्या किल्ल्या, सेफ्टी पिना आणि स्क्रू एकमेकांना बिलगून एक गोळा झालेला असतो, कारण आत कुठंतरी मॅग्नेट असतो. हा मॅग्नेट तो कुठंही काढतो. आमच्या पेठेतल्या एका लग्नात आहेराचं पातेलं हातात आल्यावर त्यानं सहज लावून बघितला. चांगल्या प्रतीच्या स्टीलच्या भांड्याला मॅग्नेट सहसा चिकटत नाही. ह्याला चिकटला. ‘चिकटतंय की!’ एवढंच तो म्हणाला, पण दोन घरांतलं जाणंयेणं त्या दिवसापासून बंद आहे. पातेलं त्याच्याच भावाकडून आलं होतं.

हे आमच्या समोरचे काका. चौतीस वर्षं एका सहकारी बँकेत कॅशियर. बँक सुटली, पण मोजायची सवय सुटली नाही, आणि मोजायला नोटा नाहीत. मग कॉइलचे वेढे मोजणं आलं. माझा आपला असा तर्क आहे. ते स्वतः फॅरेडेचं नाव घेतात. १८३१ साली कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करून वीज निघते हे दाखवणारा फॅरेडे मूळचा बुकबाइंडरकडचा उमेदवार. ‘तो वह्या शिवत होता, मी निदान लेजर उघडत तरी होतो,’ असं काका म्हणतात. म्हणजे पात्रतेत ते फॅरेडेच्या एक पायरी वर.

सुरुवात फुकटच्या मालानं झाली. भाच्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून बाद हार्ड डिस्कचं पोतं आलं. प्रत्येकीच्या पोटात चंद्रकोरीसारखा वाकडा, पातळ, पण भलता जोरकस मॅग्नेट. काकांनी आठ मॅग्नेट प्लायवुडच्या चकतीवर अराल्डाइटनं बसवले, समोर कॉइल धरली, चकती गरगर फिरवली. मीटरचा काटा जागचा हलेना. आठ दिवस घरात सुतकाची कळा होती. मग त्यांनी शाळेतलं होकायंत्र एका मॅग्नेटवरून हळूहळू सरकवलं, तर अर्ध्या वाटेत सुईनं पाठ फिरवली. त्या मॅग्नेटच्या एकाच तोंडावर अर्ध्या भागात उत्तर ध्रुव आणि अर्ध्या भागात दक्षिण! दोन्ही मिळून एका कॉइलसमोरून जायचे. ‘जमा तितकेच नावे,’ काका म्हणाले. ‘शिल्लक शून्य. मीटर बरोबर होता, बिचाऱ्याला उगाच शिव्या दिल्या.’

त्यानंतर पेन्शनमधून निओडायमियमचे चोवीस मॅग्नेट आले. काडेपेटीएवढा एकेक. काडेपेटीला आपण घाबरत नाही, हीच चूक. काकांनी दोन शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांनी उडी मारून एकमेकांना मिठी मारली. मधे काकांचं बोट होतं. नख दोन महिने काळंनिळं. तिसरा मॅग्नेट ओट्यावरच्या लोखंडी तव्याला जाऊन बसला. तो सरळ उपटून निघेना, कडेपर्यंत ढकलत न्यावा लागला. त्या दिवशी दुपारी घरात भात झाला.

स्कॉटलंडमध्ये स्कोरेग नावाच्या आडबाजूच्या वस्तीत ह्यू पिगॉट हा गृहस्थ आपल्या हातांनी पवनचक्क्या बांधत आला आहे. जगभरचे हौशी लोक त्याची पद्धत गिरवतात आणि आमच्या पेठेतही ती गिरवली जाते, फक्त वाऱ्याऐवजी पाहुणे वापरून. लोखंडाच्या दोन तबकड्या, प्रत्येकीवर बारा मॅग्नेट, एक उत्तर तोंडाचा, पुढचा दक्षिण. दोन तबकड्यांच्या मधे नऊ कॉइल्सची थाळी. प्लायवुड गेलं आणि लोखंड आलं की मॅग्नेटच्या पाठीमागून चुंबकत्वाला परतीची वाट मिळते, आणि त्याच मॅग्नेटमधून कितीतरी जास्त व्होल्ट निघतात. तबकड्या उद्यमनगरात लेथवर काढून आणल्या. लेथवाल्यानं विचारलं, ‘एवढा जाड तवा? किती माणसांच्या भाकरी?’

कॉइलची थाळी रेझिनमध्ये ओततात आणि त्या रेझिनमध्ये टाल्कम पावडर कालवतात. ही काकांची हौस नाही, पद्धतच आहे. आळताना रेझिन फार तापत नाही. पावडर अर्थात काकूंची गेली. आजही ती थाळी गरम झाली की खोलीत मोगऱ्याचा वास येतो.

पण त्याआधी कॉइल भरायच्या होत्या. लाकडी फिरकीवर तांब्याची तार, एका कॉइलला ऐंशी वेढे, नऊ कॉइल, म्हणजे सातशेवीस. काका अंगठा ओल्या स्पंजला लावून बसत. नोटा मोजताना हलायचे तसेच ओठ हलत. मधे बोललं की पुन्हा एकपासून. एकदा काकूंनी दारातून विचारलं, ‘अहो, मेथीची जुडी केवढ्याला घेऊ?’ आतून आवाज आला, ‘बासष्ट.’ भाजीवाली अजून अधूनमधून ‘साहेब आहेत का घरात?’ म्हणून चौकशी करते.

नऊ कॉइल्सचे तीन गट, गटात तीन कॉइल ओळीनं जोडलेल्या. एका कॉइलला चार व्होल्ट, म्हणजे गटाला बारा यायला हवेत. दोन गटांना आले. तिसऱ्याला आले चार. आम्ही सगळ्यांनी तार तुटल्याचं निदान केलं. काका रात्रभर कागदावर आकडे मांडत होते. सकाळी दात घासतानाच ओरडले, ‘एक एंट्री उलटी पडलीय!’ एका कॉइलची टोकं उलटी जोडली गेली होती. दोन कॉइल्सचे आठ जमा, तिसरीचे चार वजा. बाकी चार. मी इंजिनिअर आहे. मला हे सुचलं नाही, ही गोष्ट काका पेठेत कोणालाही सांगत नाहीत, फक्त माझ्या आईला सांगतात.

यंत्राला आधी हँडल होतं. त्या काळात त्यांच्याकडे चहाला जाणं जोखमीचं झालं होतं. कप हातात यायच्या आत हँडल यायचं. ‘वाईच फिरव की.’ नुसतं फिरवायला ते पोरखेळासारखं हलकं. मग काका स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब जोडत आणि हँडल एकदम उसात रुतलेल्या बैलगाडीसारखं जड होई. दिवाळसणाला आलेले जावई म्हणाले, ‘बाबा, जाम झालं वाटतं.’ काकांचा चेहरा उजळला. ‘जाम नाही, लेन्झ! १८३४ सालापासून असंच आहे. वीज घेतली की ती अडवणारच. तुम्ही फिरवत राहा.’ जावई नव्या झब्ब्यात घामानं निथळत होते. लेकीनं तेव्हापासून माहेरपण मे महिन्यात, एकटीनं करायचं ठरवलं.

मी एकदा हिशेब मांडून दाखवला. धडधाकट माणूस बराच वेळ हँडल फिरवून फार तर पन्नास वॅट देईल. म्हणजे एक युनिट व्हायला वीस तास. बोर्डाचं युनिट टपरीवरच्या एका चहाच्या आसपास पडतं, आणि वीस तास राबणाऱ्या माणसाला तुम्ही एकाच चहावर बोळवणार का? काकांनी कागद शांतपणे तपासला, बेरीज बरोबर असल्याची खूण केली आणि म्हणाले, ‘पण ते युनिट त्यांचं. हे आपलं.’

काका फसवे मात्र नाहीत. ह्या जातीतले काही लोक पुढं बिघडतात. एकदा सुरू केलं की आपलं आपणच फिरणारं, वर घरभर दिवे लावणारं यंत्र त्यांना दिसू लागतं. असला व्हिडिओ कोणीतरी मोबाइलवर दाखवला तेव्हा काका तडकले. ‘काउंटरवर कोणी एक रुपया भरलेला नाही आणि तिजोरीत दोन निघाले, असं सांगणाऱ्या माणसाला मी आधी बसवून ठेवला असता आणि मॅनेजरला बोलावलं असतं.’

आणि नेमकं हेच त्यांना छळू लागलं. हात थकले म्हणून त्यांनी भाच्याची, आजवर फक्त टॉवेल वाळत घालायला वापरलेली ट्रेडमिल मागून आणली, तिची मोटर पट्ट्यानं जोडली आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत रोजकीर्द सुरू केली. मोटरनं घेतले : ६३ वॅट. बल्बला मिळाले : ३६ वॅट. तफावत : २७.

चौतीस वर्षं ज्यानं संध्याकाळची शिल्लक पैशाला पैसा जुळवल्याशिवाय चप्पल घातली नाही, त्याला रोज सत्तावीसची तूट! त्यांनी कॅशियरचा पहिला उपाय केला. तफावतीला नवानं भाग जात असेल तर दोन आकडे उलटे लिहिले गेले असण्याची दाट शक्यता. सत्तावीसला नवानं भाग जातो. त्रेसष्ट उलटं लिहिलं की छत्तीस. काका दोन दिवस मीटरकडे संशयानं बघत होते, बँकेत नव्या क्लार्ककडे बघायचे तसे.

मीटर निर्दोष सुटल्यावर त्यांनी एकेक वॅट हुडकला. डायोड वाटेतच चार वॅट कापतात, ते कमिशन. त्याला इलाज नाही. दोन वॅट बेअरिंग आणि पट्टा. नऊ वॅट कॉइलच्या तांब्यात तापून जातात. बारा मोटरच स्वतःपाशी ठेवते. बेरीज सत्तावीस. जुळलं! पण आता रकमेच्या पुढं खातं लिहायचं होतं, आणि उष्णता म्हणून हवेत गेलेल्या वॅटना ‘बुडीत’ याशिवाय दुसरं खातं नव्हतं. आपल्या काउंटरला कधी दमडी बुडाली नाही म्हणणाऱ्या माणसानं ‘बुडीत’ लिहिलं, तेही पेन्सिलनं.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. काकूंचं दही तीन दिवस लागेना. तिसऱ्या रात्री काकांनी आठ तासांची सलग चाचणी लावली, धूळ बसू नये म्हणून यंत्रावर पुठ्ठ्याचा मोठा खोका पालथा घातला आणि झोपले. काकूंनी खोक्याला हात लावून बघितला. मग विरजण लावलेला चिनी मातीचा सट मोटरशेजारच्या फळीवर ठेवला. आधी पातेलं ठेवणार होत्या, पण हाताशी आलं ते आहेरातलं, आणि त्यानं वाटेतच तबकडीकडे ओढ घेतली.

सकाळी मला हाक आली. सटातलं दही सुरीनं कापावं असं लागलं होतं, आणि त्याला मोगऱ्याचा किंचित वास होता. काका वही घेऊन बसले होते. पेन्सिलीचं ‘बुडीत’ खोडरबरानं पुसलं, कागद फुंकून साफ केला, आणि शाईच्या पेनानं लिहिलं : दही खाती नावे, २७. खाली तांबड्या शाईनं दोन रेघा मारल्या, पट्टी धरून.