सात वर्षांनंतर निर्दोष

भोपाळातल्या कोटरा सुल्तानाबादच्या गल्ल्या आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सायकल असणार, स्कूटर असणार, फार तर एखादी फियाट. पाच मीटर लांबीची जर्मन सेडान त्याच्या हिशेबात नसणार. ती आमच्या गल्लीत येऊन उभी राहिली तेव्हा तिचं बोनेट भाऊसाहेबांच्या फाटकाशी होतं आणि डिक्की शेजारच्यांच्या तुळशीपाशी. गाडी एकाच वेळी दोन्ही घरांत आली. पेढे मात्र एकाच घरातून वाटले गेले.

गाडी दिल्लीची. दहा वर्षांवरची डिझेल गाडी दिल्लीच्या रस्त्यावर नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बजावलं आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. पुढची काही वर्षं तिथली श्रीमंत मंडळी गाडीच्या दहाव्या वाढदिवसाची धास्ती घेऊन असायची, आणि इतर राज्यांतली हौशी मंडळी त्याच वाढदिवसावर डोळा ठेवून असायची. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी मध्य प्रदेशात उतरायची, एमपी 04 ची पाटी लावायची आणि दिल्लीत विषारी असलेला तिचा धूर इथल्या मोठ्या तलावाची हवा खाऊन एकदम निरोगी व्हायचा. साठ लाखांची वस्तू नऊ लाखांत पडली, हे भाऊसाहेबांनी इतक्या वेळा सांगितलंय की मधले एक्कावन्न लाख त्यांनी कमावलेत असंच आता गल्ली धरून चालते. "नऊ लाखांत नवी कोरी मारुती आली असती," असं वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. "मारुती सगळ्यांकडे असते," या उत्तरावर तो विषय मिटला.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. भाऊसाहेब शेजारी आहेत आणि कंपनीकडे वकील आहेत.

भाऊसाहेब सातपुडा भवनातल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. तक्रार अर्ज हा त्यांच्या हयातीचा व्यासंग. अर्जावर 'आवश्यक कारवाईसाठी' लिहून तो अशा टेबलाकडे पाठवायचा की तिथे कारवाई आवश्यक नसावी, यात त्यांचा हात धरणारा वल्लभ भवनातल्या मंत्रालयातही कोणी नव्हता, असं ते स्वतःच सांगतात. त्यामुळे गाडी घेतल्यावर आठवडाभरातच तिने पहिली तक्रार केली तेव्हा त्या तक्रारीचं काय होणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

खरं तर तक्रार केली नाही हीच तक्रार होती. ओळखीचा मिस्त्री आला, किल्ली फिरवून डॅशबोर्डकडे बघत बसला आणि खास भोपाळी सुरात म्हणाला, "को खां, एअरबैग की बत्ती कां है? चाबी घुमाओ तो जलना चइये, फेर बुझना चइये. ये तो जल इ नी री."

"जळत नाही म्हणजे बिघाड नाही," भाऊसाहेब म्हणाले.

मिस्त्रीने त्यांच्याकडे तुच्छतेने नव्हे, करुणेने पाहिलं. मग समजावून सांगितलं. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो. गाडी स्वतःची तपासणी करते, सगळं ठीक असेल तर दिवा विझतो. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही, तर बिघाड आहे आणि तो कोणीतरी लपवलाही आहे. एखादी गाडी कुठेतरी आपटते, एअरबॅगा उघडतात, नव्या बसवायचा खर्च लाखांत जातो. मग विकणारा फाटलेली पिशवी कापून काढतो, वर कव्हर चिकटवतो आणि तिच्या जोडणीत किरकोळ किमतीचा एक रेझिस्टर घालतो. गाडीच्या संगणकाला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे. दिवा शहाण्यासारखा लागतो नि विझतो. ज्याला एवढीही कला येत नाही, तो दिव्यावर आतून काळी टेप मारून मोकळा होतो. भाऊसाहेबांच्या वाट्याला टेपवाला आला होता.

"म्हणजे रेझिस्टर टाकला की दिवा नीट लागेल?" भाऊसाहेबांनी विचारलं. मिस्त्रीने काही न बोलता हत्यारं पिशवीत भरली. चहा मात्र घेतला. भोपाळी मीठवाला चहा कोणी वाया घालवत नाही.

आता असं पाहा, एअरबॅग नसलेली एकवेळ परवडली. ती असून घात करते, अशीही उदाहरणं आहेत. टकाटा या जपानी कंपनीने एअरबॅग फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवा लागली की ते बिघडतं. मग पिशवी उघडताना धातूचं कवचच फुटतं आणि त्याच्या चिरफळ्या माणसाच्या मानेत घुसतात. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, 2017 मध्ये टकाटाचं दिवाळं वाजलं. त्याच वर्षी जानेवारीत होंडाने भारतातल्या 2012 सालच्या एक्केचाळीस हजारांवर गाड्या बोलावल्या. त्यांत अकॉर्डही होती, जी एकेकाळी भोपाळात डॉक्टर आणि ठेकेदार यांनाच शोभत असे. उष्ण आणि दमट, या दोन्ही परीक्षा आमचं शहर मे आणि जुलै अशा दोन पेपरांत पहिल्या वर्गात पास होतं.

कंपनी गाडी परत बोलावते म्हणजे करते काय? कळवते. कोणाला? तिच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याला. आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ते नाव बहुधा पहिल्या मालकाचं असतं. भाऊसाहेबांच्या गाडीचा पहिला मालक गुडगावची एक कंपनी, दुसरा दिल्लीचा व्यापारी, तिसरा दलाल, ज्याने ती कधी स्वतःच्या नावावर केलीच नाही, आणि चौथे आमचे भाऊसाहेब. पत्र पहिल्याच्या पत्त्यावर जाणार, धोका चौथ्याच्या दारात उभा राहणार. हत्ती कोटऱ्यात, अंकुश गुडगावात.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. चासीवरचा सतरा अक्षरी नंबर कंपनीला कळवायचा, गाडीवर कुठलं रिकॉल बाकी असेल तर ते सांगतात आणि दुरुस्ती विनाखर्च करून देतात, मालक कितवा का असेना. मी तसं सुचवलं. भाऊसाहेबांनी मला शिकाऊ कारकुनाकडे बघावं तसं पाहिलं. "विचारलं की नोंद होते," ते म्हणाले. "नोंद झाली की माहिती होती असं सिद्ध होतं. माहिती होती की जबाबदारी येते." सातपुडा भवन उगीच उभं नव्हतं इतकी वर्षं.

बरं, सरकार काय करतं? बराच काळ सरकारने हे काम मोठ्या विश्वासाने कंपन्यांवरच सोपवलं होतं. 2012 मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छा रिकॉलची आचारसंहिता केली. स्वेच्छेने, म्हणजे इच्छा झाली तर. मग 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम 110-अ आलं आणि गाड्या परत बोलवायचा हुकूम सोडण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. नियम लागू झाले 2021 च्या 1 एप्रिलपासून. तारीख त्यांनी निवडली, मी नाही. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. दहा लाखांत भाऊसाहेबांची गाडी येते आणि वर एक लाख उरतो, यावरून कंपन्यांची झोप किती उडाली असेल ते ताडावं.

पण नियमाचं खरं सौंदर्य दोन ठिकाणी आहे. एक, सरकारी पोर्टलवर मालकांनी तक्रारी करायच्या आणि विकल्या गेलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ठरलेला आकडा भरला की मग चौकशी हलणार. म्हणजे ब्रेक एकट्याचे लागले नाहीत तर तो त्याचा खासगी अनुभव. पुरेशा लोकांचे लागले नाहीत तर तो दोष. एकट्याने घाबरणं कायद्यात बसत नाही, कोरम लागतो. रिकॉल सक्तीचं असलं तरी खेळ तक्रारींच्या आकड्याचाच, आणि ज्यांनी तक्रार नोंदवायची ते सगळे भाऊसाहेबांसारखे, गाडीची किंमत पडू नये म्हणून तोंडाला कुलूप लावून बसलेले.

दुसरं सौंदर्य वयाचं. सक्तीचा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. भाऊसाहेबांची गाडी नऊ वर्षांची. सात पूर्ण झाली त्या दिवशी ती या नियमापुरती निर्दोष सुटली. गुन्हेगाराला चौदा वर्षं लागतात, गाडीला सात पुरतात. कंपनीला स्वतःहून जुन्या गाड्या बोलवायला कोणी अडवलेलं नाही आणि टकाटाच्या वेळी बोलावल्याही. पण ते दान झालं. आणि आपल्याकडे सात वर्षांवरच्या गाड्या चालवतं तरी कोण? फक्त ज्यांना नवी परवडत नाही ते सगळे.

न्यायालयात जावं म्हणाल तर तिथे मोठमोठे जाऊन आलेत. 2015 मध्ये घेतलेली एक ह्युंदाई क्रेटा 2017 मध्ये धडकली, एअरबॅगा उघडल्या नाहीत, माणूस जखमी झाला. कंपनीचं म्हणणं असं की धडक पुरेशी जोराची नव्हती. म्हणजे चूक धडकणाऱ्याची. त्याने जरा मन लावून धडकायला हवं होतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहावं लागलं की वेग आणि बल यांची गणितं मांडून टक्कर मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ होणं हे गिऱ्हाइकाचं काम नाही.

मर्सिडीजचा किस्सा तर ठेवणीतला. एका कंपनीने आपल्या संचालकांसाठी गाड्या घेतल्या. त्यांतल्या एकीच्या मधल्या उंचवट्याशी इतकी उष्णता की पाय ठेववेना. गाडीवाल्यांनी आधी मुद्दा काढला की कंपनीने घेतली म्हणजे व्यापारी कामासाठी घेतली, सबब तुम्ही ग्राहकच नाही. पाय भाजतो तो ग्राहकाचा की व्यापाऱ्याचा, यावर विद्वानांनी वर्षं घालवली. जुलै 2024 मध्ये निकाल आला: संचालकाच्या वापराची गाडी म्हणजे व्यापार नव्हे, छत्तीस लाख द्या, गाडी त्यांच्याकडेच राहू द्या. गाडी या शतकाच्या सुरुवातीची. तोवर ती बऱ्यापैकी थंड झाली असावी. त्याच दिवशी दुसऱ्या एका मर्सिडीजच्या न उघडलेल्या एअरबॅगांचाही निकाल लागला, दहा लाखांच्या भरपाईचा. ज्यांच्याकडे कायदेखाती आहेत त्यांची ही गत. भाऊसाहेबांकडे एक पुतण्या आहे, तोही एलएलबीच्या दुसऱ्या वर्षात अडकलेला.

आगीचं मी मुद्दामच मागे ठेवलं होतं, कारण तुळस डिक्कीला लागून होती. 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या, त्यातही 520डी, चालता चालता पेटू लागल्या. दोष सापडला धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेच्या कूलरमध्ये. लोकांनी वाहनतळांवर पाट्या लावल्या की या गाड्यांना प्रवेश नाही, आणि तपासणी न झालेल्या गाड्या रस्त्यावर आणू नका असा सरकारने हुकूम काढला. कोरियन लोक भित्रे. आमच्याकडे 2023 च्या जूनमध्ये सातपुडा भवन पेटलं, हजारो फायलींची राख झाली, तरी आम्ही पाटी लावली नाही. त्या फायलींत भाऊसाहेबांनी वाटेला लावलेले अर्ज किती होते कोण जाणे. ते मात्र दोन दिवस हळहळले, हे खरं.

या गावात बसून हे विनोद करताना जीभ थोडी अडखळते. 1982 मध्ये राजकुमार केसवानी नावाचा एक पत्रकार आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून ओरडून सांगत होता की युनियन कार्बाइडचा कारखाना शहर मारणार आहे. त्याच वर्षी कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी येऊन कारखान्यातले धोके लिहून दिले होते. तक्रार होती, अहवाल होता, फक्त आकडा भरलेला नव्हता. तो 2 डिसेंबर 1984 ला, वायुगळतीच्या रात्री भरला.

असो. शेजारच्या काकूंनी अखेर तुळस हलवली, हे आमच्या गल्लीतलं आजवरचं एकमेव सुरक्षाविषयक पाऊल. भाऊसाहेबांनी त्याला 'अफवांना बळी पडणं' असं नाव दिलं. मग एका सकाळी गिअरबॉक्सने जो आवाज केला तो वहिनींनी स्वयंपाकघरात ऐकला. दुरुस्तीचा अंदाज तीन लाखांवर गेला, आणि भाऊसाहेबांना साक्षात्कार झाला की मारुती सगळ्यांकडे असते ती काही उगीच नाही.

परवा विदिशाहून गिऱ्हाईक आलं होतं, नुकतंच लग्न झालेला पोरगा, सोबत त्याचा मामा. गाडी आदल्या दिवशी कोणाकडून तरी पॉलिश करून आणलेली. पोरगा स्टिअरिंगवर हात फिरवत होता. मामा मात्र जरा जाणता निघाला. कंपनीने ही गाडी कधी परत बोलावली होती का, त्याने विचारलं.

"माझ्याकडे आजवर एक पत्र नाही," भाऊसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मामाने खिडकीतून वाकून डॅशबोर्ड पाहिला. भाऊसाहेबांनी स्वतः किल्ली फिरवली. "बघा नीट. नऊ वर्षांची गाडी, पण एक दिवा लागत नाही."

मामा खूश झाला. त्याने बयाणा तिथेच मोजला.