कवळीला मनोर दाखवताना

दात माणसाला तीनदा मिळतात. पहिल्यांदा फुकट, तेव्हा घरभर कौतुक होतं. दुसऱ्यांदाही फुकट, पण तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. तिसऱ्यांदा मात्र पैसे मोजून, आणि तेव्हा सगळे मुद्दाम दुसरीकडे बघतात. माझी ही तिसरी खेप पालघरहून आली. आमच्या मनोरहून पालघरला जाताना वाघोबाची खिंड लागते. तिथल्या देवळापाशी गाडीचा वेग आपोआप कमी होतो, हात जोडले जातात, आणि कठड्यावरची माकडं येणाऱ्या-जाणाऱ्याला निर्विकारपणे दात दाखवत बसलेली असतात. लहानपणी आमच्या घरी माकडछाप काळं दंतमंजन असे. मंजनाचा काही दोष नाही, पण इतकी वर्षं ते घासलं आम्ही आणि दात शाबूत राहिले माकडांचे, याची हळहळ त्या वळणावर दर खेपेला वाटायची.

कवळी तयार होते त्यात एक सोहळ्याचा थाट आहे. आधी तोंडात थंडगार लगदा भरून माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेणात बसवलेले दात लावून बघायचे, आणि सगळं पटलं की अ‍ॅक्रिलिक. दातांच्या रंगांची पट्टी समोर आली तेव्हा मी पहिला रंग बघून मान डोलावली. पण सौभाग्यवती पुढे सरकल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “यातच जरा पिवळसर दाखवा, इतके पांढरे यांना शोभायचे नाहीत.” संच 28 दातांचा. अक्कलदाढा त्यात देत नाहीत; या वयात त्यांची गरज उरली नाही असं गृहीत धरलेलं असावं.

घरी आल्यावर कळलं की आपल्या तोंडाला हा सारा प्रकार म्हणजे एक भलाथोरला घासच वाटतोय. ते बिचारं दिवसभर लाळ सोडून त्या घासाचं स्वागत करत राहिलं, आणि घास काही गिळला जाईना. बोलायचं तर त्याहून कठीण. “मोठ्याने वाचत जा, सवय होईल,” असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी शाळामास्तर, त थ द ध न म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकवा, असं पोरांना सांगण्यात हयात गेली. आता जीभ टेकायला जायची आणि परक्याच्या दारावर थाप पडल्यासारखी चपापून मागे फिरायची. वाचायला पुस्तक नको वाटलं, म्हणून हायवेवरच्या गावांची नावं घेऊ लागलो. चिल्हार, टेन, ढेकाळे इथवर प्रवास सुखाचा होई. दुर्वेसला बारीक शिट्टी वाजे, सातिवलीला तीच लांब, आणि मस्तान नाका आला की शिट्टी आणि थुंकी दोन्ही. मग एकदा एस.टी.त मासवणचं तिकीट मागितलं आणि कंडक्टरने नुसतं तिकीट फाडून दिलं, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

माझे जुने दात दिसायला बरे नव्हते, पण त्यांना इतिहास होता. एकाचा टवका चिंचोका फोडण्याच्या पैजेत उडाला होता, दुसरा शाळेच्या वाटेवर ऊस सोलून सोलून तिरका झाला होता. त्यांना गाव ठाऊक होतं. हे नवे अठ्ठावीस जण एका रांगेत, एका उंचीचे, कवायतीला उभे असल्यासारखे. पण त्यांनी आयुष्यात काहीच खाल्लेलं नाही. मग मी त्यांना आपला मुलूख दाखवायला काढलं. आरंभ ताडगोळ्याने केला, कारण ताडगोळा कुणाच्याच दाताशी भांडत नाही. मग घोलवडचा चिकू, 2016 पासून भौगोलिक मानांकन मिरवणारा आणि तरी बोटाने दाबला की शरण येणारा. मग मऊ भात, घावन, आणि बऱ्याच सबुरीनंतर तांदळाची भाकरी. कवळीचा जोर अस्सल दातांच्या पावपटही भरत नाही म्हणतात. भाकरीला हे कळलेलं असतं. सुक्या बोंबलाची चटणी तर तिची मावसबहीण. काट्याचा एखादा कण हिरडी आणि कवळी यांच्यामध्ये शिरला की तो तिथे घर करून राहतो. पेरू पुढच्या दातांनी चावायला जावं तर कवळी मागून उचलते. म्हणजे पेरू कापून खायचा. कापलेला पेरू हा पेरू नव्हे, एवढं माझं ठाम मत आहे. आणि टाळू झाकलेली असल्याने चहा किती गरम आहे ते तोंडाला समजत नाही, एकदम घशालाच समजतं.

अशा वेळी मी थोरामोठ्यांकडे बघून समाधान मानतो. 1789 साली जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षपदाची शपथ घेत होते तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात होता, माणसांचे दात होते, आणि वरचा-खालचा भाग स्प्रिंगांनी जोडलेला असल्याने तोंड मिटून ठेवायलाच जोर लावावा लागे. डॉलरच्या नोटेवर ते इतके करारी दिसतात ते उगाच नव्हे. जपानात तर लाकूड कोरून कवळ्या करत. 1538 साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची कवळी आजही जपलेली आहे. ती टाळूला जशी चिकटून राही, तशीच माझीही राहते. त्या बाईंनी पहिला घास कसला घेतला असेल, हा विचार मला भात चावताना येतो.

माझ्या आजोबांना कवळी ठाऊक नव्हती. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय 1933 पासून होतं, पण आजोबांना मुंबई म्हणजे कोर्टकचेरीची जागा. त्यांच्या बोळक्याला पुरेल असा एक छोटा लोखंडी खल होता. दुपारी जेवण झालं की ते पान, सुपारी, चुना, कात त्यात घालून कुटत बसत. आम्ही पोरं त्या आवाजावर माजघरातून धावत येत असू, कारण कुटलेल्या विड्यातली चिमूटभर आम्हाला मिळे. दात नसल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नाही. हसले की सगळं तोंड हसायचं, मधे कुणी आडवं येत नसे. तो खल अजून फळीवर आहे. सौभाग्यवतींनी तो मध्यंतरी न बोलता घासून ठेवला. मी विचारलं तर म्हणाल्या, “असू दे, वेलची कुटायला होईल.”

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, कारण हिरड्यांना विसावा लागतो आणि अ‍ॅक्रिलिक कोरडं पडून चालत नाही. आमच्याकडे तिला झाकणाची स्टीलची डबी आहे. सकाळी स्वयंपाकघरातून हाक येते, “अहो, तुमचे दात फ्रिजवर राहिलेत!” शेजारच्यांना आता या वाक्याचं काही वाटत नाही. रात्री दिवा मालवण्याआधी सौभाग्यवती माझ्याकडे बघून हसतात. दिवसा लग्नकार्यात माझ्याबरोबर कुणी तिऱ्हाईत गृहस्थ फिरतात म्हणे, रात्री नवरा घरी येतो. मग आम्ही थोडा वेळ बोलत बसतो. माझे त थ द ध न पार मऊ झालेले असतात, पण त्यांना सगळं कळतं.

कवळीला दाखवायचं आता राहिलंय ते बहाडोलीचं जांभूळ. मनोरच्या जवळच हे गाव, आणि त्याच्या जांभळालाही मानांकन मिळालंय. पावसाच्या तोंडावर ही टपोरी जांभळं बाजारात येतात. तुम्हीही त्या सुमारास हायवेने जाणार असाल तर जरूर थांबून घ्या. फक्त कवळी असेल तर बी आधी बोटांनी काढा, आणि खाऊन झाल्यावर कवळी लगेच गार पाण्याने धुवा; गरम पाण्याने ती वाकडी होते.