सँपल

बापूंना 'गाडी कशी पळते?' असं कधी विचारू नये. पळण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. 'गाडी कशी बसते?' असं विचारावं, आणि त्याआधी आपल्याला पुढचा तासभर कुठं जायचं नाही ना, हे बघून घ्यावं. माणूस बसल्यावर पुढचे शॉकअप किती दबतात, खड्ड्यातून वर यायला किती वेळ घेतात आणि वर आल्यावर गपगुमान थांबतात की आणखी एकदा मान डोलावतात, एवढ्यावरच बापूंचं निवृत्तीनंतरचं आयुष्य चाललेलं आहे.

गाडी येझदी रोडकिंग, १९८४ची. दोन सायलेन्सर, आणि किक मारायची तीच दांडी पुढं वळवून गिअर टाकायचा, ही म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची जुनी खोड. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात चिकटल्या चिकटल्या बापूंनी ती घेतली. कारखाना १९९६ साली बंद पडला. पुढं २०२२मध्ये येझदी हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी बापूंकडं पेढे मागितले. बापू शोरूममध्ये जाऊन आले. नव्या गाडीचं हँडल धरून तिला तीनदा दाबलं आणि म्हणाले, "बरी आहे. पण हिचं सगळं सामान मिळतं. मग आपण करायचं काय?"

खरं तर रोडकिंगचंही बरंच मिळतं. पिस्टन, क्लचप्लेटा, केबली, सगळं कोणी ना कोणी बनवतं, कारण त्यावाचून गाडी जागची हलत नाही. शॉकअपचं तसं नाही. तो बिघडला तरी गाडी चालते, फक्त मालकाचे मणके बोलायला लागतात. आणि मणक्यांच्या तक्रारीला आपल्याकडं कोण विचारतो? त्यामुळं बाजारात फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, सामान म्हणून जे येतं ते दिसायला तसं असतं, एवढंच. बापू खिशातून व्हर्निअर काढायचे आणि काउंटरवरच मापं घ्यायला लागायचे. एकदा दुकानदार वैतागला. "बापू, घ्यायचं असंल तर घ्या. मापं कसली काढताय, लगीन जमवायचंय काय?"

मग पुण्याचा जुना बाजार झाला, बुधवारचा आणि रविवारचाही. मुंबईचं कुर्ला झालं. दिल्लीला काकूंना घेऊन गेले ते लाल किल्ला दाखवायला, आणि दाखवलं करोल बाग. चेन्नईत भाच्याच्या लग्नात मुहूर्ताला मामा सापडेना. मामा पुदुपेट्टईत भंगाराच्या ढिगाऱ्यात उकिडवे बसले होते. परतीच्या गाडीत आहेराच्या साडीच्या खोक्यातून एक फोर्क पाइप आला. तोही घरी येऊन काचेवर लोळवला तर वाकडा निघाला.

त्यानंतर बापूंनी ठरवलं, करूनच घ्यायचं. कोल्हापुरात हा निर्णय माणसाला घ्यावा लागत नाही, तो हवेतच असतो. शिवाजी उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करता करता इंजिनं बनवायला शिकलेल्या माणसांच्या पिढ्या आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या गाड्यांना कास्टिंगं जातात. इथं कुणाला कसलाही तुटका तुकडा दाखवला तरी 'हे काय आहे?' असं विचारत नाहीत. 'किती करायचे?' असं विचारतात. पण त्याआधी, "सँपल आणलंय न्हवं?"

घोडं पेंड खातं ते इथंच. बापूंनी फोर्कचे दोन बुश काढून लेथवाल्या मेस्त्रींच्या हातात ठेवले. मेस्त्री म्हणाले, "ठेवून जावा. ह्याच मापाचं करतो."

"अहो, याच मापाचं कसं चालेल? हे झिजलंय, म्हणून तर नवं पाहिजे."

"मग न झिजल्यालं आणा."

"न झिजलेलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

मेस्त्रींनी लेथ बंद केला. कामाच्या दिवशी लेथ बंद पडणं ही उद्यमनगरात साधी गोष्ट नाही. शेजारच्या दोन शेडांतली माणसं बघायला आली. बापूंचं म्हणणं मात्र बिनचूक होतं. झिजक्या तुकड्याची हुबेहूब नक्कल केली, तर नवा तुकडा जन्माला येतो तोच म्हातारा. आणि गंमत अशी, की चाळीस वर्षं लेखापरीक्षणाला तोंड दिलेला हा माणूस आता स्वतःच लेखापरीक्षक झाला होता: समोर आहे तो आकडा खोटा, खरा आकडा कुठं दडवलाय ते शोधा. तो त्यांनी शोधलाही. फोर्कच्या पाइपाचा वरचा भाग हँडलखालच्या टी-स्टेममध्ये आवळलेला असतो. तिथं काही सरकत नाही, म्हणून तिथं काही झिजत नाही. कारखान्यानं दिलेलं माप त्या चार बोटांवर तसंच शिल्लक. बापूंनी मायक्रोमीटरनं ते आडवं, उभं, तिरपं घेतलं आणि जावळ काढलेल्या नातवाचं वजन सांगावं तशा आवाजात घरी फोन करून काकूंना कळवलं.

आता बुश आणि पाइप यांच्यात किती जागा सोडायची? बापू म्हणाले, पाच ते सात शतांश मिलिमीटर. म्हणजे माणसाच्या एका केसाएवढी. कमी ठेवली तर पाइप अडकणार, जास्त ठेवली तर ब्रेक दाबल्यावर हँडलात टकटक येणार. मेस्त्रींनी पंपाच्या कामातून उरलेला गनमेटलचा गट्टू घेतला आणि पहिल्या झटक्यात बुश बरोबर केला. बापूंना ते आवडलं नाही. त्यांनी तो तीन वेळा मोजला.

पाइपांची कथा मोठी आहे. गंजून खड्डे पडलेल्या पाइपावर तेलाचं सील टिकत नाही, म्हणून पाइपाला नवं क्रोम हवं. पहिल्यांदा ते दिलं नळाच्या तोट्या आणि सायकलची हँडलं चमकवणाऱ्याकडं. पाइप असे चकाकून आले, की काकूंनी त्यात बघून टिकली नीट केली. महिन्याभरात पापुद्रे सुटले. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनचाही नसतो. खाली निकेल असतं म्हणून ते भरल्यासारखं दिसतं. फोर्कला लागतं हार्ड क्रोम. जुनं क्रोम उतरवायचं, खड्डे जाईपर्यंत पाइप घासायचा, मग जाडच जाड थर चढवायचा आणि पुन्हा ग्राइंडिंग करून मूळ मापावर आणायचं. एवढं ऐकल्यावर शिरोलीतल्या ग्राइंडिंगवाल्या पोरानं हात जोडले. "बापू, विषयच हार्ड आहे."

स्प्रिंगवाल्याकडं मात्र बापू हरले, निदान पहिल्यांदा. चार मिलिमीटरची तार सांगितली होती, त्याच्याकडं शिल्लक होती साडेचारची. "अर्ध्या मिलिमीटरनं काय हुतंय?" असं म्हणून त्यानं वळून दिली. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. अर्ध्या मिलिमीटरनं तो दीडपटीच्या वर गेला. बसवल्यावर गाडी दबेचना. बिंदू चौकातल्या गतिरोधकावर बापूंचा चष्मा नाकावरून टाकीवर आला. ते तिथूनच मागं फिरले आणि स्प्रिंगवाल्याच्या पाटीवर खडूनं सूत्र मांडून आले. मला वाटतं, बारावीनंतर त्या माणसाला पहिल्यांदाच कुणी सूत्र शिकवलं असेल. त्यानं पाटी पुसली नाही, फोटो काढून ठेवला.

नव्या स्प्रिंगा आल्यावर दाब मोजायचा कार्यक्रम घरच्या अंगणात झाला. फोर्कच्या पाइपाला राखीचा दोरा बांधायचा, बापूंनी जाकीट-हेल्मेटसकट गाडीवर बसायचं, मी मागून गाडी सरळ धरायची आणि काकूंनी शिवणाच्या टेपनं दोरा किती सरकला ते वाचायचं. शॉकअपच्या एकूण चालीचा पाव ते तिसरा हिस्सा माणसाच्या वजनानं दबायला हवा. आकडा जरा जास्त आला. बापू विचारात पडले. काकू म्हणाल्या, "स्प्रिंगेत काही नाही. कालचा मटणाचा रस्सा आहे तो."

हे सगळं एका गाडीपुरतं झालं असतं तर ठीक होतं. पण मशिन लावायला जेवढा वेळ एका नगाला लागतो तेवढाच पन्नास नगांना, त्यामुळं एकच जोडी कुणी करून देईना. शेवटी बापूंनी वीस गाड्यांचे सेट करून घेतले. तेल लावून, मेणकागदात गुंडाळून, मापाची चिठ्ठी घालून ते आता काकूंच्या गव्हाच्या पिंपामागं आहेत. एवढ्या पैशांत दुसरी रोडकिंग आली असती, असं मी म्हणालो. "आली असती," बापू म्हणाले, "पण तिचेही बुश गेलेलेच असते."

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपल्या गाड्या पुसून-पासून एकत्र येतात. बाकीचे टाक्यांचे फोटो काढत असताना बापू गुडघ्यावर बसून एकेकाच्या फोर्क पाइपावरून बोट फिरवतात आणि तेल लागलेलं बोट मालकाच्या नाकासमोर धरतात. बोलत काही नाहीत. असा माणूस समारंभात नकोसा वाटतो हे खरं. पण त्याच संध्याकाळी तीन जणांनी हळूच त्यांचा पत्ता विचारला, हेही खरं.

विकायला मात्र बापू तयार नसतात. गिऱ्हाईक आलं की आधी मुलाखत. पाइप सरळ आहेत का? काचेवर लोळवलेत? टी-स्टेममधलं माप किती? हँडलचा कोनसेट कधी बदलला? इचलकरंजीहून एक इंजिनिअर पोरगा नोटा मोजूनच आला होता. त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. बापूंनी त्याला चहा पाजला, सेट दाखवला, हातात दिला, परत घेतला आणि चिठ्ठी लिहून उद्यमनगरात पाठवलं: आधी पाइप मोजून आण.

दुपारी तीनच्या सुमाराला मेस्त्रींचा फोन आला. मी तिथंच होतो.

"बापू, तुमी एक पोरगं धाडलंय."

"हो. काय म्हणतोय?"

"माझा मायक्रोमीटर चुकीचा हाय म्हणतोय. सोताचा आणलाय त्यानं. सकाळधरनं लेथ बंद हाय माझा. तुमी बरं हुता बापू, तुमी निदान जेवायला तरी घरला जात हुता."

बापूंनी फोन खाली ठेवला आणि काकूंना गव्हाचं पिंप जरा पुढं सरकवायला सांगितलं.