डिस्प्युटमधली जागा

सोलापूरकडं भांडण आणि डिस्प्युट या दोन वेगळ्या चिजा आहेत. भांडणाला तोंड पुरतं, डिस्प्युटला फाईल लागते. भांडण फार तर संध्याकाळपर्यंत टिकतं. मग कुणीतरी ‘जाऊ दे बे’ म्हणतं, चहा येतो, विषय संपतो. डिस्प्युट वारसाहक्कानं मिळतो. आमच्या मामांना नान्नजकडची द्राक्षबाग आणि शेजाऱ्याशी बांधावरून चाललेला डिस्प्युट, दोन्ही आजोबांकडून मिळालं. पुढं भावाभावांत बागेची वाटणी झाली. डिस्प्युट अजून अविभक्त आहे.

मामांचा इंग्रजीशी संबंध औषधाच्या बाटल्यांपुरता. पण ‘जमीन डिस्प्युटेड हाय’ म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर खानदानी तेज येतं. ज्याच्या बांधाला डिस्प्युट नाही, त्याच्याकडं ते जरा कीवेनंच बघतात.

बरं, शब्दांची टंचाई होती म्हणून इंग्रजीकडून उसना आणला म्हणावं, तर तसंही नाही. सोलापुरात भांडायला चार भाषा आहेत. कन्नडवाले जगळ काढतात. पूर्व भागातले तेलुगू विणकर भांडणाला ‘गोडव’ म्हणतात; शेवटी काना नाही, पण आवाज चढला की लागतो. तेव्हा तेलुगू शेजारीण ‘गोडवा’ म्हणाली, तर साखरेची वाटी घेऊन जाऊ नये. हुज्जत अरबीतून आली, तिथं तिचा अर्थ पुरावा. आपण पुरावा तिकडंच ठेवला आणि हुज्जत घेतली. तकरारही अरबीच, आणि तिचा मूळ अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणं’. नवराबायकोच्या भांडणाची इतकी खरी व्याख्या मी दुसरी वाचलेली नाही.

मग या ऐश्वर्यात डिस्प्युट कशाला? शब्दांची कुळं शोधायची मला खोड आहे, म्हणून मी त्याचा फेरफार काढला. मूळ मालक लॅटिन. ‘पुतारे’ म्हणजे हिशेब करणं, विचार करणं. आणि रोमन शेतकऱ्यांच्या तोंडी छाटणी करणं. आधी ‘डिस’ लागला की एकेक कलम सुटं करून हिशेब तपासणं. कॉम्प्युटर याच घराण्यातला, आणि हातपाय कापायचं ॲम्प्युटेशनही. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत तर पदवीसाठी चारचौघांत डिस्प्युट करून दाखवावा लागे. मामा डॉक्टरेटपर्यंत गेले असते.

हे ज्ञान मी उत्साहानं त्यांच्यापुढं मांडलं. ‘मामा, डिस्प्युट म्हणजे मुळात छाटणी.’

मामांनी अडकित्ता थांबवला. ‘कुठली रं? एप्रिलची का ऑक्टोबरची?’

लॅटिन पंडितांना हा प्रश्न सुचला नसता. आपल्याकडं द्राक्षाला वर्षातनं दोनदा कात्री लागते. एप्रिलची खरड छाटणी, ती नुसती काडी तयार व्हावी म्हणून, ऑक्टोबरची फळासाठी. मामांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, ‘आपली केस एप्रिलातच अडकलीया. काड्याच वाढत्यात.’

केस आहे हातभर रुंदीच्या पट्टीची. बाहेरच्याला ती हातभर वाटते. पण नान्नजची गोष्ट निराळी. याच गावच्या नानासाहेब काळ्यांनी वेलीतला फरक हेरून सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण काढले. जिथं एका काडीचं वेगळेपण डोळ्यांत भरतं, तिथं हातभर जमीन कोण सोडेल? मामलेदार कोर्टाचा कायदा 1906 पासून आहेच. सरकारी मोजणीही झाली. ती दोन्ही बाजूंनी एकमुखानं अमान्य केली; गेल्या दोन पिढ्यांत दोन्ही घरांचं एकमत झालेली ती एकच बाब.

आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प आणि स्वतःचं काहीही न मांडता समोरच्याचं नुसतं खोडून काढतात ती वितंडा. मामा पहिल्या दोन्हींना वेळेचा अपव्यय मानतात.

तेव्हा सोलापूर भागात जमीन बघायला आलात, तर सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. दुसऱ्या कुणाचा हक्क नोंदलेला असेल तर तो तिथं सापडतो. मामांच्या शेजारची बघणार असाल तर तोही वाचू नका. त्यांच्याकडं चहाला बसा, ते तोंडपाठ म्हणून दाखवतील. जेवणाच्या वेळेआधी मात्र उठायला मिळणार नाही.