कोंड्याचा हिशेब

कोयना प्रकल्पाची माहिती शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेली असते. 1950 च्या दशकात काम सुरू, 1962 पासून वीज, 1967 चा भूकंप, एकूण सुमारे 1960 मेगावॉट. या विजेने महाराष्ट्राच्या ताटातला कोंडा मात्र कसा काढून नेला, ते कुठल्याच धड्यात नाही. सगळा दोष कोयनेच्या माथी मारायचा नाही, तेलाच्या इंजिनावर फटफटणाऱ्या गिरण्या आधीही होत्या. पण गावोगाव वीज पोचली आणि उखळ अंगणात पालथं पडलं.

उखळात भात सडणाऱ्या बाईचे दंड भरून आले की सडणं थांबायचं. म्हणून दाण्यावर थोडी तांबूस साल राहायची. त्यात आरोग्याचा विचार वगैरे काही नव्हता, थकवा होता. गिरणीला दंडच नाहीत. दाणा मोत्यासारखा होईपर्यंत ती थांबत नाही. तंतू, ब जीवनसत्त्वं, लोह, अंकुरातलं तेल असा सगळा ऐवज कोंड्याच्या पोत्यात जातो, पोतं म्हशीपुढे जातं आणि आपल्या वाट्याला जवळजवळ नुसता स्टार्च येतो. तो भराभर पचतो, भराभर साखर होऊन रक्तात उतरतो, आणि तासाभरात माणूस पुन्हा डब्यांची झाकणं उघडून बघतो.

हा ऐवज गेला की काय होतं, ते कोंबड्यांनी आधीच दाखवलं होतं. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरांनी 1890 च्या दशकात पांढऱ्या भातावरच्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या. सालीसकट तांदूळ मिळाल्यावर त्या पुन्हा चालू लागल्या. 1929 साली डॉक्टरांना नोबेल मिळालं. कोंबड्यांचा उल्लेख आभारातच झाला असेल, तर झाला असेल.

कोयनेच्या खोऱ्यातल्या पाटणच्या डोंगरउतारावरची नाचणी मात्र गिरणीला पुरून उरली. दाणा मोहरीएवढा आणि साल त्याला अशी घट्ट चिकटलेली की सोलायला जावं तर पीठच होतं. त्यामुळे ती अख्खीच दळावी लागते, आणि शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मुकाट्याने ताटात येतं. हा हट्टीपणा तिला महागात पडला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदळाचा किलोचा भाव 3 रुपये, गव्हाचा 2 आणि नाचणीसारख्या भरड धान्याचा 1 ठरला. कोणाला कुठल्या पंगतीत बसवायचं, ते सरकारने लेखी दिलं! पुढे 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष आलं आणि तीच नाचणी शहरात चकचकीत पाकिटात जाऊन बसली. बिस्किटाच्या पुड्यावर कणसाचं चित्र, मागे बारीक अक्षरांत मैदा आणि साखर. मैदा-साखरेचं बिऱ्हाड सोबत घेऊन आलेल्या नाचणीची रक्तातल्या साखरेने कसली भीती बाळगावी?

कराड-चिपळूण रस्त्यावर कोयनानगरच्या आसपास एखाद्या खाणावळीत नाचणीची भाकरी मागून बघा. मालक आधी तुमचा चेहरा न्याहाळतो.

“पाव्हणं, शुगर निघाली का?”

नाही म्हटलं तर पटत नाही. धडधाकट माणूस सुखासुखी नाचणी कशाला मागेल? तरी भाकरी येते, मागून खरडा, हुलग्याची आमटी. आणि न मागता, वाटीची मूद पाडलेला पांढराशुभ्र भात.

“ह्याचं पैसं नकोत. पाव्हण्याला नुसत्या नाचणीवर लावून दिलं म्हटलं तर घरातली मला जेवू घालायची न्हाई.”